युवा देवाणघेवाण (युरोपीय संघ)

युवा देवाणघेवाण : निरनिराळ्या देशांतील तरुणांच्या गटांनी एका ठिकाणी 5 ते 21 दिवस एकत्र राहून, आधी ठरवलेल्या विषयावर मिळून काम करण्याची पद्धत. तिला पैसा इरॅस्मस प्लस या युरोपीय संघाच्या कार्यक्रमातून मिळतो. इरॅस्मस म्हटले की आपल्याकडे विद्यापीठाची शिष्यवृत्ती आठवते. ही त्याच कार्यक्रमाची युवा बाजू. इथे परीक्षा नाही, गुण नाहीत, पदवीची अटही नाही. सहभागींचे वय 13 ते 30.

पूर्वपीठिका : पद्धतीचे मूळ युद्धोत्तर समेटात आहे. जानेवारी 1963 मध्ये फ्रान्स व पश्चिम जर्मनी यांनी एलिझे हा मैत्रीकरार केला आणि त्याच वर्षी जुलैत दोन्ही देशांचे संयुक्त युवा कार्यालय सुरू झाले. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखणाऱ्यांची मुले एकमेकांच्या गावी राहायला जाऊ लागली. युरोपीय समुदायाने (आजच्या संघाच्या पूर्वरूपाने) 1988 मध्ये ‘यूथ फॉर युरोप’ हा कार्यक्रम काढून हीच कल्पना अनेक देशांत नेली. पुढे 2000 मध्ये ‘यूथ’, 2007 मध्ये ‘यूथ इन ॲक्शन’ अशी नावे बदलत 2014 मध्ये तो इरॅस्मस प्लसमध्ये विलीन झाला. दरम्यान 1 नोव्हेंबर 1993 पासून लागू झालेल्या मास्ट्रिक्ट कराराने युरोपीय संघाचे नागरिकत्व निर्माण केले आणि युवा देवाणघेवाणीलाही एका कलमात जागा दिली. लिस्बन कराराने (2009) त्याच कलमात तरुणांच्या लोकशाही जीवनातील सहभागाला उत्तेजन देण्याचा उद्देश जोडला. युरोपीय संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या करारातले आजचे 165 वे कलम ते हेच. कौन्सिल ऑफ युरोप ही संस्था युरोपीय संघाहून वेगळी. स्ट्रासबर्गमधील तिचे युवा केंद्र 1972 पासूनचे आहे. दोहोंची गल्लत युरोपातले लोकही करतात.

अटी : एका देवाणघेवाणीत एरवी किमान 16 व कमाल 60 तरुण लागतात, गटप्रमुख सोडून. प्रत्येक देशाच्या गटात किमान 4 तरुण आणि एक गटप्रमुख हवा. गटप्रमुखाचे वय किमान 18 असावे, कमाल मर्यादा नाही. कार्यक्रम सहभागी संस्थांपैकीच एकीच्या देशात व्हावा लागतो. नोंदणीकृत संस्था हवीच असेही नाही. चार तरुणांचा अनौपचारिक गटही, त्यातला एक जण सज्ञान असल्यास, अर्ज करू शकतो. काय चालणार नाही याची यादी जास्त बोलकी आहे : अभ्याससहल, पर्यटन, सुट्टीची भटकंती, महोत्सव, नाटक-संगीताचे दौरे, संस्थेच्या वार्षिक सभा, नफ्याचे उपक्रम. यांतले काही नाव बदलून आत शिरतेच, पण परीक्षक वेळापत्रक वाचतात तेव्हा ते बहुधा उघडे पडते. म्हणूनच दिवसवार वेळापत्रक अर्जाला जोडणे सक्तीचे आहे.

अर्ज व निधी : अर्ज ब्रुसेल्सला जात नाही, अर्जदार संस्थेच्या देशात हा कार्यक्रम चालवणाऱ्या राष्ट्रीय एजन्सीकडे जातो. आधी संस्थेची ऑनलाइन नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो. वर्षातून साधारणपणे दोन मुदती असतात, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, ब्रुसेल्सच्या घड्याळाने दुपारी 12 पर्यंत. रात्री बारापर्यंत वेळ आहे असे धरून बसणाऱ्यांचा अर्ज हमखास राहतो. गुण 100 पैकी दिले जातात : प्रस्तुतता व परिणामाला 30, आखणीच्या दर्जाला 40, व्यवस्थापनाला 30. एकूण 60 तर हवेतच, शिवाय प्रत्येक भागात निम्मे हवेत. एका भागात चमकून दुसऱ्यात आपटलेला अर्ज बाद होतो.

प्रवासाचा पैसा तिकिटाच्या किमतीवर ठरत नाही, अंतरावर ठरतो. युरोपीय आयोगाच्या (संघाच्या कार्यकारी संस्थेच्या) ऑनलाइन अंतरमापकावर सरळ रेषेतले एकेरी अंतर काढायचे. ते अंतर ज्या टप्प्यात बसते त्याची रक्कम जाऊन-येऊन अशा पूर्ण प्रवासासाठी असते. क्राकूहून बोलोन्याला जाणारा तरुण 500 ते 1,999 किलोमीटरच्या टप्प्यात येतो. 2024 च्या दरपत्रकात या टप्प्याला माणशी 309 युरो होते आणि प्रवासाचा मुख्य भाग रेल्वे, बस किंवा अनेकांनी मिळून केलेल्या मोटारीने असेल तर 417. राहणे-जेवण दिवसावर, यजमान देशाच्या दराने मिळते. बहुतेक आयोजक प्रवासखर्च तिकिटे व बोर्डिंग पास हाती आल्यावर, कधी कार्यक्रमानंतर कित्येक आठवड्यांनी परत करतात. ज्या घरात तिकिटापुरते पैसे आगाऊ काढणे जड जाते, तिथला मुलगा इथेच गळतो, आणि कार्यक्रमाला खरा हवा असतो तो नेमका तोच. जाणते आयोजक म्हणून अशा सहभागींची तिकिटे स्वतःच काढतात.

पूर्वतयारी : चार देशांचे प्रत्येकी 6 तरुण आणि 4 गटप्रमुख, म्हणजे 28 माणसे, ही रचना सांभाळायला सोपी. कार्यक्रमाआधी गटप्रमुखांची पूर्वभेट व्हावी, तिला वेगळे अनुदान मिळते. प्रत्येक गटातला एक तरुणही या भेटीला गेला तर वेळापत्रक तरुणांचे होते. नाहीतर यजमान संस्था सगळे ठरवून टाकते आणि बाकीचे पाहुणे बनतात. नागरिकत्वाचा धडा खरे तर इथेच शिकला जातो किंवा हुकतो. युरोपीय संघाच्या संस्थांवर दोन तास व्याख्यान ऐकून कोणी नागरिक होत नाही. पण आठवड्याचे जेवण ठरलेल्या पैशांत कसे बसवायचे, रात्री आवाज किती वाजेपर्यंत चालेल, मोबाइल कधी बाजूला ठेवायचा, हे 28 जणांनी चार मातृभाषा आणि तुटक्या इंग्रजीतून ठरवले की बहुमत, तडजोड आणि अल्पमताचा मान या गोष्टी अंगवळणी पडू लागतात.

दिवसाचे स्वरूप : सकाळी झोप उडवणारा खेळ, त्यानंतर दोन सत्रे, दुपारी गावात काम, संध्याकाळी देशवार गटात दिवसाचा आढावा. समजा विषय कचऱ्याचा आहे. पहिल्या दोन दिवसांत प्रत्येक गट आपल्या गावची पद्धत मांडतो. तिसऱ्या दिवशी मिश्र गट बाजारात दुकानदारांशी बोलतात, चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या सदस्याला भेटतात, शेवटी गावकऱ्यांसमोर काहीतरी उभे करतात : प्रदर्शन, पथनाट्य, नकाशा. आढाव्याची अर्धी-पाऊण तास बैठक कंटाळा आला म्हणून पहिल्यांदा कापली जाते, आणि तिथूनच घसरण सुरू होते. कोण घुसमटला आहे, कोणाला भाषा कळत नाही, कोणत्या देशावरचे विनोद अति झाले, हे आपल्या भाषेतल्या त्या बैठकीतच बाहेर येते.

नेहमीच्या चुका : सर्वांत मोठा धोका ऐनवेळच्या गळतीचा. नेमके चारच जण घेतलेल्या गटातला एक आजारी पडला की गट अपात्र ठरू शकतो. म्हणून एखाददोन जास्त घ्यावेत. अल्पवयीनांच्या पालकांची लेखी संमती गटप्रमुखाच्या हाती असावी. ‘सांस्कृतिक संध्याकाळ’ हा जवळपास प्रत्येक देवाणघेवाणीचा ठरलेला भाग. तिचे बहुधा चीज, दारू आणि पर्यटन खात्याच्या व्हिडिओचे प्रदर्शन होते. त्यापेक्षा चौघांनी मिळून घरचा एक पदार्थ रांधला, आपल्या देशातला एखादा वाद मांडला तर ओळख खरी होते. इंग्रजी चांगले असलेले दोन-तीन जण सगळे बोलतात ही दुसरी अडचण. त्यावर चित्र, अभिनय, जोडीतले काम आणि मध्येच थांबून कुजबुजत भाषांतर करायची मोकळीक, हे उपाय लागू पडतात.

यूथपास : शेवटी प्रत्येकाला यूथपास हे प्रमाणपत्र मिळू शकते. ते 2007 पासून सुरू आहे. आपण काय शिकलो हे आठ मुख्य क्षमतांच्या आधारे तरुणाने स्वतःच लिहायचे असते. नागरिकत्व ही त्यांतली एक. शेवटच्या रात्री घाईघाईत भरलेला यूथपास लगेच ओळखू येतो, कारण अठ्ठावीसही जणांची वाक्ये तीच असतात.

पुढची पायरी : परतल्यावर पाच तरुण मिळून आपल्याच गावात 2 ते 12 महिन्यांचा ‘एकजूट प्रकल्प’ करू शकतात, तो युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर या संघाच्या दुसऱ्या युवा कार्यक्रमात येतो आणि त्यासाठी वय 18 ते 30 लागते. राजकीय वाटाही आहेत. संघाच्या किमान सात देशांतून मिळून 10 लाख सह्या जमवून आयोगापुढे कायद्याची मागणी ठेवता येते. 2024 च्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत ऑस्ट्रिया, माल्टा, बेल्जियम व जर्मनीत 16 व्या वर्षी, तर ग्रीसमध्ये 17 व्या वर्षी मतदान करता आले.

युरोपातील मराठी तरुण : भारतातील संस्था या देवाणघेवाणीत भागीदार होऊ शकत नाही, संघाबाहेरचे भागीदार शेजारच्या प्रदेशांपुरतेच असतात. मात्र सहभागासाठी अट रहिवासाची आहे, नागरिकत्वाची नाही. म्युनिक किंवा आइंडहोवनमध्ये शिकणारी भारतीय पासपोर्टवरची मराठी मुलगी तिथल्या संस्थेच्या गटातून जाऊ शकते. जर्मन किंवा डच निवास परवान्यावर ती शेंगेन क्षेत्रात (आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांत) 180 दिवसांत 90 दिवस फिरू शकते. कार्यक्रम आयर्लंड किंवा सायप्रसमध्ये असेल, तर त्या देशाचे व्हिसाचे नियम निवड होताच पाहून घ्यावेत. तिकीट त्यानंतर काढावे.