एमबीएनंतर सीआयएसएसपी लगेच? नाही

सायबर सुरक्षा व्यवस्थापनात एमबीए केलं, परीक्षा पास झालो की सीआयएसएसपी (आयएससी२ या संस्थेचं सायबर सुरक्षेतलं व्यावसायिक प्रमाणपत्र) झालो, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे आणि त्यापायी मुलांचे पैसे अडकतात.

परीक्षेत १००० पैकी ७०० गुण लागतात. पण प्रमाणपत्रासाठी ८ विषयक्षेत्रांपैकी किमान २ क्षेत्रांत मिळून ५ वर्षांचा कामाचा अनुभव हवा. संगणक किंवा आयटीशी संबंधित पदवीमुळे फक्त १ वर्ष माफ होतं. बीई आणि एमबीए दोन्ही असलं तरी १च, सवलतींची बेरीज होत नाही. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं.

अनुभव कमी असेल तर पास झाल्यावर 'असोसिएट' (परीक्षा पास, पण प्रमाणपत्र अजून नाही) म्हणून राहता येतं आणि तो भरून काढायला ६ वर्षं मिळतात. तोवर बायोडेटात नावापुढे सीआयएसएसपी लिहू नका. तो नियमभंग आहे.

इंटर्नशिप बिनपगारी असली तरी मोजली जाते, मात्र संस्थेच्या लेटरहेडवर पत्र लागतं. ते शेवटच्या दिवशीच मागून घ्या. अर्धवेळ कामाचे २०८० तास म्हणजे १२ महिने.