ॲलर्जीसाठी घराची झाडलोट (बेळगाव सीमाभाग)

शिंका, गळते नाक, डोळ्यांची खाज किंवा दमा उठवणारे घरातले घटक कमी व्हावेत म्हणून केली जाणारी झाडलोट, धुणी आणि डागडुजी. धूळकिडीची विष्ठा, बुरशीचे बीजाणू, झुरळांची घाण आणि पाळीव जनावरांचा कोंडा हे यातले मुख्य घटक. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात धूळकीड आणि बुरशी जास्त. पूर्वेला अथणी-रायबागकडे पाऊस कमी असतो. तिथे सुगीतला कूस (कुसळांचा बारीक भुसा) आणि मातीची धूळ अधिक जाणवते.

धूळकीड ०.२ ते ०.३ मिलिमीटरची असल्याने नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. ती चावत नाही. माणसाच्या त्वचेचा गळलेला कोंडा हे तिचे खाणे. पाणी ती पीत नाही, हवेतली ओल शोषते; म्हणून हवेतील आर्द्रता बराच काळ ५० टक्क्यांखाली राहिली की ती वाळून मरते. पावसाळ्यात खानापूरकडे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्राशिवाय हे साधत नाही. तेव्हा सगळे घर घासत बसण्यापेक्षा अंथरुणावर जोर द्यावा: रोजचे सात-आठ तास नाक तिथेच टेकलेले असते.

या भागात घट बसण्याआधी घरातले झाडून सगळे कापड धुण्याची रीत आहे. मलप्रभा, मार्कंडेय, वेदगंगेच्या काठावर वाकळा, चादरी, पडदे वाळत पडतात. वेळ अचूक आहे, कारण पावसाळा संपताना किडीची संख्या भरात असते. उणीव दोन ठिकाणी राहते. थंड पाण्याने विष्ठा बरीच निघून जाते, पण जिवंत किडी धाग्यांना चिकटून राहतात. आणि वर्षातून एकदा धुतलेल्या वाकळेत त्या पुन्हा वाढतात. उशीचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला धुवाव्यात. पाणी ६० अंश सेल्सिअस हवे. बंबातले किंवा हंड्यातले उकळते पाणी ३ भाग आणि नळाचे २ भाग घेतले की ते साधारण ६८ अंशांवर येते. कपडे बुडवल्यावर उष्णता उतरते, म्हणून ही सूट ठेवायची. बादली झाकून अर्धा तास भिजवावे; हात घालण्याआधी काठीने ढवळावे.

जाड वाकळ बादलीत मावत नाही आणि घोंगडे कढत पाण्यात आटते. अशा वस्तू कोरड्या कडक उन्हात दिवसभर टाकून दुपारी उलटाव्यात. न उलटल्यास किडी सावलीच्या बाजूला सरकतात. उन्हाने मेलेल्या किडीची विष्ठा कापडातच राहते, तेव्हा नंतर झटकणे आलेच. ते अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून आणि ॲलर्जी नसलेल्याने करावे. गादी पिंजून घेतली की मऊ होते, पण पिंजताना धुरळा भयंकर उडतो. पिंजारी दारात बसला असेल तर दमेकऱ्याला तेवढा वेळ दुसरीकडे पाठवावे. गादीला घट्ट विणीची, चेन असलेली खोळ घातलेली बरी. मात्र नुसत्या खोळीने दमा आटोक्यात येत नाही. प्रौढांवरच्या मोठ्या चाचणीत फरक दिसलेला नाही. औषधे आणि इनहेलर चालूच ठेवावे लागतात.

साळुत्याने कोरडे लोटणे हा सर्वांत मोठा घोटाळा. खाली बसलेली धूळ नाकाच्या उंचीवर येते आणि जड कणही वीस-तीस मिनिटे तरंगतात. आधी माळा आणि पंख्याची पाती ओल्या फडक्याने पुसावीत, मग जळमटे, कपाटाचा माथा, शेवटी फरशी. फडके पाण्यात भिजवून, पिळूनच फिरवायचे. साधा व्हॅक्युम क्लीनर बारीक कण मागून बाहेर फेकतो. हेपा गाळणीचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) असेल तरच घ्यावा. काम करणाऱ्याने एन-९५ मास्क बांधावा.

बुरशीचे मूळ बहुधा छपरात असते. मे महिन्यात कौले शाकारली नाहीत, तर भिंतीवर काळे ठिपके येणारच. पुसून ते महिनाभरात परततात. ओल थांबवल्यावर साबणाच्या पाण्याने भिंत घासून वाळवावी. चुन्याचा हात दिलेल्या भिंतीवर बुरशी सहज धरत नाही, ऑइलपेंटखाली ओल कोंडते. ब्लीच वापरायचेच असेल तर ५ टक्क्यांच्या द्रावणाचा १ भाग आणि पाणी १५ भाग, खिडक्या उघड्या. संडास साफ करायच्या ॲसिडात ते कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू सुटतो. पावसात घरात दोरीवर कपडे वाळत घालणे म्हणजे खोलीला ओल पाजणे. निदान झोपायच्या खोलीत तरी दोरी नको.

झुरळांसाठी फवाऱ्यापेक्षा जेलचे ठिपके बरे, कारण फवाऱ्याने दमेकऱ्याचा श्वास अडतो. झुरळे मेली तरी गॅसमागची घाण पुसल्याशिवाय काम अर्धेच राहते. निपाणीकडे घरात साठवलेल्या तंबाखूचा खकाणा, तसेच उदकाडी आणि डासांच्या अगरबत्तीचा धूर हे सहसा ॲलर्जीचे कारण नसले तरी आधीच सुजलेल्या श्वासनळ्यांना झोंबतात. परसातले गाजरगवत फुलायच्या आधी हातमोजे घालून उपटावे. फुलल्यावर त्याचे पराग वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात येतात. मांजर बाहेर ठेवले तरी तिच्या अंगातली प्रथिने गाद्या-पडद्यांत कित्येक महिने टिकतात, म्हणून पंधरवड्यात फरक दिसला नाही तरी मांजर निर्दोष ठरत नाही.