जबाबाबाहेर राहिलेला लढा: सातपुड्यातल्या तोंडी इतिहासाची पार्श्वभूमी

नंदुरबार जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्यातल्या सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतगडी) आणि भूमिहीन आदिवासींच्या लढ्यावर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं बाहेरून आलेल्या शिकलेल्या कार्यकर्त्यांचं आणि अभ्यासकांचं आहे. मोर्चात चाललेल्यांची बाजू भिली, पावरी, अहिराणीत तोंडीच राहिली. भिल्लांवर वचक ठेवायला इंग्रजांनी काढलेली भिल्ल एजन्सी आणि १८७८ चा वनकायदा दप्तरात तरी सापडतात. १९७१ चा पाटीलवाडीचा गोळीबार आणि पुढची वर्षं मात्र मुख्यतः माणसांच्या आठवणीतच आहेत.

महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, हे सरकारने कबूल केलं. पण खड्ड्याचं मोजमाप कमी धरलं तेव्हा कोण अडून बसलं, हजेरीपटावर अंगठा कुणाचा आणि मजुरी कुणाच्या हातात, दारूची मडकी फोडायला बाया कशा निघाल्या, हे कायद्याच्या पुस्तकात कुठून येणार?

तोंडी साक्षीला सरकारदरबारी वजन आलं ते जंगलजमीन कसणाऱ्यांचा हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याने. कायदा २००६ चा, नियम २००८ चे. दावा करणाऱ्या आदिवासींनी १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसत असल्याचं दाखवायचं होतं. नियम १३ ने दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही पुरावा मानला. दाव्यासोबत किमान दोन पुरावे हवेत. तरीही पंचनामा, दंडाची पावती, उपग्रहाचं चित्र असलं काही असेल तरच खरं, असा आग्रह होत राहिला. २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केलं की विशिष्ट कागदाचा हट्ट धरू नये आणि उपग्रहचित्र पूरक असेल, इतर पुराव्यांची जागा घेणार नाही. जे पिढ्यानपिढ्या कागदाबाहेर ठेवले गेले त्यांच्याकडेच कागद मागणं हा उघड अन्याय होता, म्हणून ही दुरुस्ती फार मोलाची. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, २८ फेब्रुवारीला तो स्थगित झाला. नाकारलेल्या दाव्यांची फेरतपासणी आली आणि म्हाताऱ्यांच्या शब्दाची गरज पुन्हा वाढली.

अडचण अशी की जबाब दाव्यापुरताच असतो. आजोबा पावरीत तासभर बोलले तरी मराठीत चार ओळी उतरतात: चतुःसीमा, किती वर्षं कसतात, सही किंवा अंगठा. नांगर का घातला, तुरुंगात कोण गेलं, त्या दिवसांत घर कुणी चालवलं, यातलं काही फॉर्ममध्ये मागितलेलं नसतं. बायांची साक्ष तर इथेच सर्वांत जास्त गळते.

१९७२ मध्ये विशीत असलेले आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. म्हणून जबाबाच्या बैठकीतच, सांगणाऱ्याची संमती घेऊन, त्याच्याच बोलीत सगळं ध्वनिमुद्रित व्हायला हवं आणि एक प्रत ग्रामसभेकडे राहायला हवी. ज्यांनी वनगुन्ह्यांचे खटले भोगले, त्यांचं नाव उघड करायचं की नाही, हे त्यांनीच ठरवावं.