सरकार गेलं की विधानसभा गेली? १९३७ ते १९४६ चा घोळ

ऑक्टोबरात भाच्याचा फोन आला, नाशिकमधल्या शालिमारच्या एका फ्लेक्सवाल्याच्या दुकानातून. १५ ऑक्टोबरला दादासाहेब गायकवाडांची जयंती, त्याचा बॅनर करायला गेला होता. मजकुरात लिहिलेलं होतं "मुंबई विधानसभेचे आमदार, १९३७ ते १९४६". कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराने मनानेच ४६ चं ४२ केलं, का तर आमदारकी पाच वर्षांचीच असते. मग गल्लीतले एक रिटायर्ड मास्तर तिथेच उभे होते, त्यांनी ४२ पण खोडायला लावलं आणि ३९ करा म्हणाले, "खेरांनी राजीनामा दिला तेव्हाच विधानसभा संपली" (खेर म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारचे प्रमुख). एका बॅनरला तीन सालं, आणि त्यात मूळ लिहिलेलंच बरोबर!

हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता चिडायचं पण सोडून दिलंय. म्हणून एकदाच नीट लिहितो.

सरकार म्हणजे काय हे सांगत बसत नाही, मुख्यमंत्री, मंत्री, राज्यपालांसमोरची शपथ, बहुमत आहे तोवर खुर्ची, हे सगळ्यांना पाठ आहे. लोक अडकतात ते इथे की सरकारला मुदतच नसते. "पाच वर्षांसाठी सरकार निवडून दिलं" असं आपण बोलतो ना, ते चुकीचं आहे. आपण निवडून देतो सभागृह, आणि राज्यघटनेच्या कलम १७२ मधली पाच वर्षं त्या सभागृहाची आहेत. तीसुद्धा निकालाच्या दिवसापासून नाही, शपथविधीपासून तर नाहीच नाही, पहिल्या बैठकीसाठी नेमलेल्या तारखेपासून मोजायची. त्या पाच वर्षांत खाली सरकारं कितीही येवोत जावोत, सभागृहाचं घड्याळ चालूच असतं.

ताजं उदाहरण घ्या. २०१९ ची विधानसभा. निकाल ऑक्टोबरात लागला, १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट, २३ ला भल्या पहाटे राजवट उठवून सकाळी फडणवीसांची शपथ, २६ ला राजीनामा, आणि सभागृह पहिल्यांदा बसलं ते २७ ला. म्हणजे एक अख्खं सरकार विधानसभेची एकही बैठक न बघता येऊन गेलं. २८ ला ठाकरे, २०२२ च्या ३० जूनला शिंदे. मुख्यमंत्री तीन झाले पण विधानसभा एकच, चौदावी, आणि तिची मुदत संपली २६ नोव्हेंबर २०२४ ला. तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने ठोकून दिलं की २६ ला मुदत संपली, नवीन सरकार ५ डिसेंबरला, मग मधले दिवस बेकायदेशीर, राष्ट्रपती राजवट लागायलाच पाहिजे होती वगैरे. अरे बाबा, २३ ला निकाल लागले, निवडणूक आयोगाने निवडून आलेल्यांची नावं अधिसूचनेत काढली की नवीन विधानसभा कायद्याने अस्तित्वात आली, तिथे कुणी शपथ घ्यायची वाट बघत नाही. जुन्याच्या जागी नवीन सभागृह उभं होतं, आणि शिंदे काळजीवाहू म्हणून होतेच. अडकलेलं होतं ते फक्त सरकार.

आता मास्तरांचं १९३९.

ब्रिटिशांच्या १९३५ च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांचा कारभार बदलला, मतदार तीन कोटींच्या आसपास गेले (आजच्या मानाने काहीच नाही, पण आधीच्यापेक्षा कितीतरी पट), पुणे कराराप्रमाणे राखीव जागा आल्या, आणि मुंबई प्रांताची १७५ जागांची विधानसभा झाली. त्यातल्या १५ जागा अस्पृश्यांसाठी राखीव. १९३७ च्या सुरुवातीला निवडणूक झाली आणि दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे दादासाहेब आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून नाशिक जिल्ह्यातून निवडून आले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह करून आलेला माणूस आमदार झाला, तो असा.

काँग्रेसने आधी सरकार बनवायला नकार दिला म्हणून १ एप्रिल १९३७ ला कूपर यांचं सरकार आलं आणि जुलैत गेलं. मग काँग्रेसच्या खेरांचं सरकार आलं आणि विधानसभा पुण्यात बसली ती तेव्हा. म्हणजे बैठक न बघता गेलेलं सरकार ही २०१९ ची नवलाई नाहीच, फक्त तेव्हा व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

सप्टेंबर १९३९ मधे व्हाइसरॉयने कुणाला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला, आणि ऑक्टोबरअखेरीपासून काँग्रेसची मंत्रिमंडळं एकेक करून बाहेर पडली. खेरांनीही राजीनामा दिला. मुंबईत दुसरं कुणी सरकार बनवू शकत नव्हतं, म्हणून गव्हर्नरने १९३५ च्याच कायद्यातल्या कलम ९३ खाली कारभार स्वतःकडे घेतला. पण विधानसभा विसर्जित केली नाही! गोठवून ठेवली. बैठका बंद, पण आमदार आमदारच, आणि अध्यक्ष मावळणकर अध्यक्षच. तिकडे आसामात बघा, काँग्रेस बाहेर पडली आणि त्याच सभागृहातून सादुल्लांनी लगेच दुसरं सरकार उभं केलं. मुंबईत तसं जमलं नाही इतकंच, पण सभागृह दोन्हीकडे जिवंत. मास्तरांना हे पटवायला मला अर्धा तास लागला, कारण त्यांच्या डोक्यात "सरकार नाही म्हणजे आमदार नाही" हे घट्ट बसलेलं, आणि बारा वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलंय.

राहिलं ४२. फ्लेक्सवाल्या पोराचं गणित चुकलं नव्हतं, कायद्यात पाच वर्षंच होती. पण युद्ध चालू होतं, निवडणुका घ्यायच्या नव्हत्या, म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने १९४१ मधे कायदा करून त्या पुढे ढकलल्या आणि सभागृहांचं आयुष्य वाढलं. पुढची निवडणूक झाली १९४६ ला. म्हणून आमदारकी नऊ वर्षांची, आणि सरकार त्यातलं जेमतेम अडीच वर्षं.

नऊ वर्षांचा आकडा बघून काही हुशार लोक म्हणतात की मग ते विधान परिषदेवर असणार. ते पण एका अर्थी समजू शकतो, १९३५ च्या कायद्यात परिषदेच्या सदस्यांची मुदत नऊच वर्षांची होती, दर तीन वर्षांनी एक तृतीयांश निवृत्त. पण दादासाहेब खालच्या सभागृहात होते, आणि नऊ हा निव्वळ योगायोग.

मुदत वाढायचं पुन्हा एकदा झालं ते आणीबाणीत, ४२ व्या दुरुस्तीने पाचाची सहा केली, आपली १९७२ ची विधानसभा त्यामुळे १९७८ पर्यंत चालली. नंतर ४४ व्या दुरुस्तीने परत पाच.

आणि सरकार आणि सभागृह दोन्ही एकदम जातात, असं पण होतं बरं का. फेब्रुवारी १९८० मधे पवारांचं पुलोदचं (पुरोगामी लोकशाही दलाचं) सरकार बरखास्त केलं आणि विधानसभाही विसर्जित केली, मेमधे निवडणूक. २०१९ च्या राजवटीत मात्र सभागृह नुसतं गोठवलेलं. राष्ट्रपती राजवट म्हटलं की दोन्ही गेलं असं धरून चालू नका, आदेशात काय लिहिलंय ते बघायचं.

शब्दांचं बोलायचं तर तहकूब म्हणजे उद्या किंवा तासाभराने भेटू, त्यात गोंधळ काही नाही. मला राग येतो तो "विधानसभा बरखास्त" या हेडलाइनचा. बरखास्त सरकार होतं, विधानसभा विसर्जित होते. पेपरवाल्यांना एवढे दोन शब्द वेगळे ठेवता येत नाहीत म्हणून मास्तरांचा ३९ होतो, बाकी काही नाही.

शेवटी बॅनर १९३७ ते १९४६ असाच छापला. प्रूफ व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून भाच्याने परत फोन केला, "मामा, नऊ वर्षं म्हणजे जवळजवळ दोन टर्म झाल्या ना, 'दोन वेळा आमदार' टाकू का खाली?"

म्हटलं, एकदाच.