डीएनए-बंधक प्रथिनांची रचना

पेशीतील डीएनएच्या ठरावीक क्रमावर जाऊन घट्ट बसेल आणि शक्यतो इतरत्र कुठेही बसणार नाही, असे प्रथिन हेतुपुरस्सर घडवण्याच्या तंत्राला डीएनए-बंधक प्रथिनांची रचना असे म्हणतात. अशा प्रथिनाकडे जागा शोधून तेथे टिकून राहण्याचेच काम असते. त्या जागी पोहोचल्यावर काय करायचे, हे त्याला जोडलेला दुसरा घटक ठरवतो. डीएनए तोडणारा घटक जोडला तर जनुकात बदल घडवता येतो, प्रतिलेखन (जनुकावरून आरएनएची प्रत बनणे) वाढवणारा किंवा दाबणारा घटक जोडला तर मूळ क्रमाला हात न लावता जनुक चालू किंवा बंद ठेवता येते. जागा ओळखण्याचे काम आणि प्रत्यक्ष कृती यांची ही फारकत हाच या शास्त्राचा पाया आहे.

यातील मुख्य अडचण साध्या गणिताने स्पष्ट होते. मानवाच्या एका जनुकसंचात सुमारे ३१० कोटी बेस-जोड्या असतात. डीएनएमध्ये बेस, म्हणजे क्रमाची रासायनिक अक्षरे, अ‍ॅडेनिन (ए), सायटोसिन (सी), ग्वानिन (जी) आणि थायमिन (टी) अशी चारच प्रकारची असल्यामुळे नऊ बेसचा क्रम ४ चा नववा घात, म्हणजे २,६२,१४४ प्रकारे लिहिता येतो. साहजिकच नऊ बेसचा कोणताही एक क्रम केवळ योगायोगाने एका धाग्यावर सुमारे १२ हजार ठिकाणी सापडू शकतो. क्रम सोळा बेसचा झाला की शक्य प्रकारांची संख्या ४२९ कोटींवर जाते आणि तो जनुकसंचात एकदाच असण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा प्रथिनाने किमान सोळा ते अठरा बेस वाचले पाहिजेत, आणि तेही एखाद-दुसरा बेस वेगळा असलेल्या जागा नाकारून. नेमक्या जागी बसणारे प्रथिन बनवण्यापेक्षा चुकीच्या जागी न बसणारे प्रथिन बनवणे कितीतरी कठीण आहे, आणि या क्षेत्राचा सारा इतिहास त्याच अडचणीशी झुंजण्याचा आहे.

डीएनएचा दुहेरी गोफ न उलगडताही प्रथिनाला तो वाचता येतो, कारण बेस-जोड्यांच्या कडा गोफाच्या खाचांमध्ये उघड्या असतात. १९७६ साली नॅड्रियन सीमन, जॉन रोझेनबर्ग आणि अलेक्झांडर रिच यांनी असे मांडले की, रुंद खाचेतून पाहिल्यास प्रत्येक बेस-जोडीच्या हायड्रोजन बंधांच्या जागा वेगळ्या दिसतात. उदाहरणार्थ, आर्जिनिन हे अमिनो आम्ल ग्वानिनशी, तर अ‍ॅस्पॅराजिन किंवा ग्लुटामिन हे अ‍ॅडेनिनशी दोन हायड्रोजन बंध जुळवू शकते. यावरून प्रत्येक बेससाठी एक ठरलेले अमिनो आम्ल असावे, अशी आशा निर्माण झाली. पण पुढे प्रथिन-डीएनए संयुगांच्या स्फटिकरचना उलगडत गेल्या तसे लक्षात आले की, निसर्गात असा एकच सर्वमान्य संकेत नाही. एकच अमिनो आम्ल प्रथिनाच्या सांगाड्यात कोठे आणि कोणत्या कोनात बसले आहे, त्यानुसार वेगळा बेस पसंत करते. त्यामुळे शास्त्रज्ञांचा शोध ज्याच्या सांगाड्यात असे नियम निदान बऱ्याच अंशी टिकतात, अशा प्रथिनकुळाकडे वळला.

असे पहिले कूळ केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत हाती लागले. आफ्रिकी बेडूक झेनोपसच्या अंडपेशीत टीएफ-थ्री-ए हे प्रथिन मुबलक असते आणि ते ५एस आरएनएच्या जनुकाला बांधले जाते. १९८५ साली जोनाथन मिलर, अँड्र्यू मॅकलॅकलन आणि एरन क्लुग यांनी दाखवले की, या प्रथिनात सुमारे तीस अमिनो आम्लांचा एक घटक नऊ वेळा आवर्तित झाला आहे. प्रत्येक घटकातील दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडिन ही अमिनो आम्ले मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात आणि त्याभोवती साखळीची घट्ट घडी बनते. या घटकांना झिंक फिंगर असे नाव पडले. क्लुग यांना १९८२ सालीच स्फटिकी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाबद्दल रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले होते. झिंक फिंगरची कल्पना त्यानंतरची आहे. एकेक फिंगर स्वतंत्रपणे घडी घालते आणि एकापुढे एक जोडता येते, हे त्यांच्या तत्काळ लक्षात आले. मानवी जनुकसंचात या प्रकारच्या प्रथिनांची सुमारे ७०० जनुके आहेत, यावरून उत्क्रांतीनेही हा घटक किती मुक्तहस्ते वापरला आहे याची कल्पना येते.

१९९१ साली निकोला पावलेटिच आणि कार्ल पाबो यांनी उंदराच्या झिफ२६८ या प्रथिनाची डीएनएसह स्फटिकरचना प्रसिद्ध केली, आणि पुढची सारी रचना त्या चित्रावर उभी राहिली. या प्रथिनात तीन फिंगर असून ते जीसीजी-टीजीजी-जीसीजी हा नऊ बेसचा क्रम ओळखते. प्रत्येक फिंगरमधील सर्पिल भाग रुंद खाचेत उतरतो आणि मुख्यतः तीन बेसशी संपर्क साधतो. मधली फिंगर जवळून पाहिली तर तिच्या सर्पिलाच्या लगेच आधीच्या जागेवरचे, म्हणजे वजा एक क्रमांकाचे आर्जिनिन टीजीजीमधील शेवटच्या ग्वानिनला दोन हायड्रोजन बंधांनी धरते आणि तिसऱ्या क्रमांकाचे हिस्टिडिन मधल्या ग्वानिनशी जुळते. दुसऱ्या क्रमांकावरचे अ‍ॅस्पार्टिक आम्ल त्या आर्जिनिनला आधार देत असतानाच समोरच्या धाग्याकडेही झुकते. वजा एक, तीन आणि सहा या जागांवरची अमिनो आम्ले बदलली की फिंगर वेगळा त्रिक (तीन बेसचा गट) वाचेल, असा सरळ निष्कर्ष यातून निघत होता.

पाबो, जेरेमी बर्ग, कार्लोस बार्बास आणि क्लुग यांच्या गटांनी नव्वदच्या दशकात हे करून दाखवले. फेज डिस्प्ले पद्धतीत जिवाणुभक्षी विषाणूंच्या पृष्ठभागावर फिंगरचे लाखो भिन्न नमुने मांडले जातात आणि हव्या त्या डीएनए क्रमाला चिकटणारेच निवडून घेतले जातात. १९९४ साली येन चू, इसिद्रो सांचेझ-गार्सिया आणि क्लुग यांनी रक्ताच्या कर्करोगास कारणीभूत असलेल्या बीसीआर-एबीएल या संकरित जनुकातील नऊ बेस ओळखणारे तीन फिंगरचे प्रथिन तयार करून उंदराच्या पेशींत सोडले. ते जनुक दबल्यावर त्याच्या जोरावर वाढणाऱ्या पेशींना पुन्हा बाहेरून वृद्धिघटकाची गरज भासू लागली. हव्या त्या क्रमासाठी घडवलेले प्रथिन जिवंत पेशीत जनुकाला आवर घालू शकते, याचा हा पहिला ठोस पुरावा होता.

मात्र, सुट्या फिंगर जोडून कोणताही क्रम वाचता येईल, ही समजूत पुरती खरी ठरली नाही. दुसऱ्या क्रमांकाचे अमिनो आम्ल शेजारच्या त्रिकाच्या हद्दीत शिरत असल्यामुळे प्रत्येक फिंगर शेजारणीवर अवलंबून असते. जी ने सुरू होणारे त्रिक सहज जमतात, बाकीच्यांसाठी चांगल्या फिंगर मिळणे अवघड जाते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुट्या घटकांची केवळ जुळणी करून बनवलेल्या प्रथिनांपैकी बहुतेक निकामी निघाली. त्यावर उपाय म्हणून दोन-दोन फिंगरची जोडी एकत्रच निवडणे किंवा संपूर्ण प्रथिन जिवाणूच्या पेशीत पारखून घेणे अशा पद्धती आल्या. त्या परिणामकारक होत्या, पण वेळखाऊ होत्या, आणि त्यामुळे हे तंत्र बराच काळ मोजक्या प्रयोगशाळांच्याच हाती राहिले.

डीएनए तोडण्यासाठी या प्रथिनांचा वापर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील श्रीनिवासन चंद्रशेखरन यांच्या प्रयोगशाळेतून सुरू झाला. फॉक-वन या जिवाणूजन्य विकरात ओळखणारा आणि तोडणारा असे दोन वेगळे भाग असतात, हे त्यांच्या गटाने दाखवले होते. १९९६ साली त्यांनी तोडणारा भाग झिंक फिंगरला जोडला. या भागाचे दोन रेणू एकत्र आल्याखेरीज तो डीएनए तोडत नाही. वरवर गैरसोयीच्या वाटणाऱ्या या गुणातच मोठी सुरक्षितता आहे, कारण समोरासमोर नऊ-नऊ बेस वाचणारी दोन प्रथिने पाच-सहा बेसचे अंतर राखून बसली तरच छेद होतो आणि ओळख आपोआप अठरा बेसची होते. छेदानंतर पेशी तुटलेली टोके घाईने जोडताना काही बेस गमावते किंवा भरते आणि जनुक निकामी होते. सोबत दुरुस्त नमुना दिला तर तो वापरून क्रम सुधारूही शकते. २००५ साली फ्योदोर उर्नोव्ह आणि त्यांच्या सांगामो कंपनीतील सहकाऱ्यांनी तीव्र प्रतिकारशक्ती-अभावाशी निगडित जनुकात मानवी पेशींच्या एका वंशात सुमारे १८ टक्के पेशींमध्ये असा बदल घडवला. पुढे एचआयव्ही पेशीत शिरताना ज्या सीसीआर५ ग्राहीचा आधार घेतो, त्याचे जनुक रुग्णांच्याच टी-पेशींत तोडून त्या पेशी परत देण्यात आल्या. १२ रुग्णांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले.

दुसरे कूळ वनस्पतींच्या रोगांतून सापडले, आणि महाराष्ट्रातील शेतकऱ्याला ते रोग नवे नाहीत. भातावरचा कडा करपा आणि लिंबावरचा खैऱ्या हे रोग झँथोमोनास प्रजातीच्या जिवाणूंमुळे होतात. डाळिंबावरचा तेल्या हाही याच प्रजातीचा. करपा व खैऱ्या घडवणारे जिवाणू आपली काही प्रथिने सुईसारख्या नळीतून वनस्पतीच्या पेशीत टोचतात. ती केंद्रकात जाऊन यजमानाचीच जनुके जिवाणूच्या सोयीने चालू करतात. या प्रथिनांना टेल असे म्हणतात. त्यांच्यात साधारण ३४ अमिनो आम्लांचा घटक एकापाठोपाठ अनेकदा येतो आणि घटकाघटकांत फरक असतो तो प्रामुख्याने बाराव्या आणि तेराव्या जागी. २००९ साली जर्मनीतील हाले येथील येन्स बॉख व उल्ला बोनास यांच्या गटाने, तसेच अमेरिकेतील मॅथ्यू मॉस्को आणि अ‍ॅडम बोगडानोव्ह यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की, ही जोडी म्हणजेच बेसचा संकेत आहे (पुढील अक्षरे अमिनो आम्लांची एकाक्षरी नावे आहेत): एचडी असेल तर सायटोसिन, एनआय असेल तर अ‍ॅडेनिन, एनजी असेल तर थायमिन आणि एनएन असेल तर ग्वानिन किंवा काही वेळा अ‍ॅडेनिन. एका घटकाला एक बेस, आणि शेजाऱ्याचा प्रभाव अत्यल्प! झिंक फिंगरसाठी पंधरा वर्षे शोधूनही न सापडलेली सुटसुटीत व्यवस्था जिवाणूने तयारच ठेवली होती. २०१२ मधील स्फटिकरचनांतून यामागचे कारणही कळले. घटकांची साखळी रुंद खाचेतून डीएनएभोवती वळत जाते. तेरावे अमिनो आम्ल बेसला भिडते, तर बारावे त्या वळणाला स्थिर ठेवते.

टेललाही मर्यादा आहेत. लक्ष्यक्रमाच्या अगदी आधी थायमिन असणे सहसा आवश्यक असते. सायटोसिनला मिथिल गट लागलेला असेल तर एचडीची पकड सैल होते. आणि जवळजवळ सारख्याच घटकांची लांब रांग असल्यामुळे तिचे जनुक जुळवणे किंवा विषाणूवाहकातून अखंड पोहोचवणे त्रासाचे ठरते. सहा फिंगरचे प्रथिन दोनशेच्या आत अमिनो आम्लांत अठरा बेस वाचते, टेलला त्यासाठी सहाशेहून अधिक लागतात. तरीही संकेत सोपा असल्यामुळे सामान्य प्रयोगशाळांनाही हे काम प्रथमच आवाक्यात आले. त्याचा एक सुंदर उपयोग भातावरच झाला. करप्याचा जिवाणू भाताचे शर्करावाहक स्वीट जनुक चालू करून आपल्यासाठी साखर बाहेर काढून घेतो. २०१२ साली बिंग यांग यांच्या गटाने टेलवर आधारित विकराने त्या जनुकाच्या नियंत्रक भागात, नेमक्या जिवाणूच्या प्रथिनाच्या बैठकीच्या जागी, बदल केला आणि ते रोप रोगाला प्रतिकार करू लागले. रोगजंतूकडून मिळालेले हत्यार त्याच्याच विरुद्ध वापरण्याचे याहून समर्पक उदाहरण क्वचितच मिळेल.

डीएनए न तोडता केवळ जनुकाचे नियमन करण्याचा मार्गही महत्त्वाचा आहे. झिंक फिंगरला क्रॅब हा दमनकारी घटक जोडला की लक्ष्य जनुकाचे प्रतिलेखन दबते. हंटिंग्टन रोगात सीएजी या त्रिकाची पुनरावृत्ती प्रमाणाबाहेर वाढलेली असते. लांबलेल्या पुनरावृत्तीवर अधिक संख्येने बसणारी झिंक फिंगर प्रथिने सदोष प्रत दाबतात आणि निरोगी प्रत बऱ्याच अंशी शाबूत ठेवतात, असे पेशींत आणि उंदरांत २०१९ साली दाखवण्यात आले.

२०१२ नंतर कॅस९ या आरएनए-मार्गदर्शित विकराने जनुकसंपादनाचे चित्र पालटले, कारण त्यात नवीन लक्ष्यासाठी प्रथिन न बदलता आरएनएचा छोटा तुकडा बदलणे पुरते. म्हणून रचित प्रथिने कालबाह्य झाली असे मानणे चुकीचे ठरेल. तंतुकणिकांना स्वतःचा डीएनए असतो, पण बाहेरून त्यांत आरएनए पोहोचवणे फार अवघड असते. प्रथिनाला मात्र योग्य संकेतखंड जोडून तेथे धाडता येते. २०२० साली डेव्हिड लिऊ आणि जोसेफ मुगूस यांच्या गटांनी बर्खोल्डेरिया जिवाणूतील डीडीडीए हे विकर दोन निष्क्रिय तुकड्यांत विभागून दोन टेल प्रथिनांना जोडले. दोन्ही शेजारी बसल्यावरच ते सक्रिय होऊन तंतुकणिकेच्या डीएनएतील सायटोसिनचे रूपांतर घडवते. लहान आकार हाही झिंक फिंगरचा मोठा फायदा आहे, कारण उपचारात वापरल्या जाणाऱ्या एएव्ही या विषाणूवाहकात सुमारे ४,७०० बेसच मावतात आणि नेहमीच्या कॅस९चे जनुकच त्यातील ४,१०० व्यापते.

परीक्षानळीत उत्तम ठरलेले प्रथिन पेशीत तसेच वागेल याची खात्री नसते. पेशीतील डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, आणि त्यामुळे लक्ष्य कधी उघडे तर कधी झाकलेले असते. शिवाय प्रथिनाची पकड वाढवली की योग्य जागेबरोबर निम-योग्य जागांवरची पकडही वाढते. म्हणूनच अनेकदा डीएनएच्या कण्यातील फॉस्फेटांशी होणारे सर्वसाधारण आकर्षण मुद्दाम कमी केले जाते, जेणेकरून टिकून राहण्यासाठी प्रथिनाला बेसच्या नेमक्या ओळखीवरच भिस्त ठेवावी लागेल. लक्ष्यावर किती टक्के काम झाले याच्या बरोबरीने संपूर्ण जनुकसंचात इतरत्र काय घडले याची मोजणी दिलेली नसेल, तर अशा प्रथिनाचा कोणताही दावा अपुराच समजावा.

अलीकडे हे काम संगणकाकडे सरकू लागले आहे. २०२३ साली मार्कस नॉयस आणि फिलिप किम यांच्या गटांनी शेजारी फिंगरच्या परस्परप्रभावांची प्रचंड माहिती जमवून, तीवर प्रशिक्षित केलेले झेडएफडिझाइन हे प्रारूप प्रसिद्ध केले. शेजारच्या फिंगरचा जो अडथळा पूर्वी प्रयोगागणिक ओलांडावा लागे, त्याचा हिशेब आता आधीच मांडता येतो, आणि त्याआधारे मानवी प्रतिलेखन घटकांचे मूळ फिंगर काढून त्या जागी नवे बसवून त्यांना दुसऱ्या जनुकांकडे वळवता आले. वॉशिंग्टन विद्यापीठातील डेव्हिड बेकर यांचा गट याहून पुढे जाऊन, झिंक फिंगर किंवा टेल यांच्या सांगाड्यावर विसंबून न राहता, पाच-सहा बेसचे क्रम ओळखणारी लहान प्रथिने संगणकावर घडवत आहे.