डोक्यावर प्रीकास्ट, घरात मात्र सेंट्रिंग

नागपूरच्या वर्धा रोडवर उभं राहून मान वर केली की मेट्रोच्या पुलाचे सांधे मोजता येतात. एकेक तुकडा यार्डात ओतून ट्रेलरवरून आणलेला, म्हणजेच प्रीकास्ट. त्याच रस्त्यालगतच्या नव्या इमारतींत मात्र अजून सेंट्रिंग, म्हणजे जागेवर काँक्रीट ओतायचा तात्पुरता साचा, ठोकलं जातं आणि स्लॅबच्या दिवशी नारळ फोडून मिक्सर सुरू होतो.

प्रीकास्टवरचा हा अविश्वास जुना आहे. निर्वासितांच्या घरांसाठी दिल्लीत १९४८ साली तयार भिंती ओतणारा सरकारी कारखाना उभारला गेला. तिथल्या फेसाळ काँक्रीटच्या भिंतींना तडे गेले आणि संसदेत टीका झाली. १९६८ मध्ये लंडनच्या रोनन पॉइंट या प्रीकास्ट पॅनेलच्या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला. एक भिंत निघाली, तशी वरपासून खालपर्यंत अख्खी कोपऱ्याची बाजू कोसळली. चार जण गेले. भिंती एकमेकींवर टेकलेल्या होत्या, नीट बांधलेल्या नव्हत्या. २००१ च्या भूकंपात कच्छमधल्या प्रीकास्ट शाळा पडल्या, तिथेही दुखणं सांध्यातच होतं. त्यातून लोकांनी धडा घेतला तो मात्र सांध्याबद्दल नव्हे, प्रीकास्टबद्दल.

करानेही भर घातली. जीएसटी येण्याआधी कारखान्यात ओतलेल्या तुळईवर अबकारी कर लागायचा, तीच साइटवर ओतली तर माफ.

नागपूरचं वेगळं गणित आहे. तीन बाय चार मीटरचं, १५० मिलिमीटर जाडीचं पॅनेल साडेचार टन भरतं. इतवारी-महालच्या गल्ल्यांत ते नेणारा ट्रेलर वळणार कसा, क्रेन उभी कुठे करायची? शिवाय आठ-दहा फ्लॅटच्या स्कीममध्ये साच्यांचा खर्चही निघत नाही. त्यात प्लिंथ झाल्यावर घरमालक म्हणतो, ‘देवघर पूर्वेला घ्या ना भाऊ.’ पॅनेल तर आधीच ओतून झालेलं असतं.

तरी मला वाटतं, हे तंत्र या गावाला खरंच हवं आहे. मे महिन्यात ४५ अंशांत स्लॅबवर पाणी धरून ठेवणं किती कठीण, हे साइटवर उभं राहिलेल्याला विचारा. यार्डात सावलीत, मोजून पाणी देता येतं.

अडतं ते शेवटच्या हातभर जागेत. दोन पॅनेलच्या सळया एका नळीत मिळतात. खालच्या भोकातून ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, दाबायचं आणि ते वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत थांबायचं नाही. आत पोकळी राहिली तर बाहेरून काहीच कळत नाही. सेंट्रिंगवाला इथे एका फोनवर येतो, या नळीपाशी जबाबदारीने उभा राहणारा माणूस मात्र शोधत फिरावं लागतं.