अ‍ॅनिमल हाऊसमधले सेन्सर: ऑर्डर देण्याआधी हे वाचा

प्रयोगासाठी जनावरं ठेवतात त्या प्राणीगृहांना आम्ही सेन्सर विकतो. आमच्याकडे फोन येतो तो बहुधा एकाच प्रश्नाचा: "उंदरांच्या अंगात बसवायची चिप मिळेल का?" मिळेल, ती अंगातलं तापमान सांगते. पण फार्मसी कॉलेजांना आणि छोट्या प्रयोगशाळांना आम्ही चिप सगळ्यात शेवटी विकतो. आधी खोली, मग पिंजरा, मग जनावर. या क्रमाने आमचा धंदा जरा कमी होतो, पण नंतरचे तक्रारीचे फोनही कमी येतात.

खोली

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ वर जातो. प्राणीगृहासाठीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत तापमान १८ ते २९ अंश आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के सांगितली आहे. दुपारी लाईट गेली की एसी बंद, एक्झॉस्ट बंद, आणि बंद खोली तापायला लागते. त्यात सेन्सरही त्याच लाईनवर असेल तर तोही जातो, राऊटरही जातो. संध्याकाळी ग्राफ उघडून पाहावा तर जो तास बघायचा तेवढाच कोरा. म्हणून आमच्या सेन्सरच्या डब्यात स्वतःची बॅटरी आणि स्वतःचं सिमकार्ड असतं. पहिला मेसेज तापमानाचा नसतोच, "लाईट गेली" एवढाच असतो. तेवढ्यात माणूस जनरेटरपर्यंत पोचतो.

डबा दारामागे किंवा एसीच्या झोताखाली लावू नका. रॅकच्या उंचीवर, वरच्या आणि खालच्या फळीला एकेक लावा. पिंजऱ्याच्या आत खोलीपेक्षा थोडं गरमच असतं, तेही लक्षात घ्या.

सोबत प्रकाशाचा सेन्सर घ्याच, तो स्वस्त आहे. बारा तास उजेड, बारा तास अंधार असं टायमर सांगतो. प्रत्यक्षात रात्री दोनला वॉचमन चक्कर मारताना ट्यूबलाईट लावतो की नाही, ते ग्राफ सांगतो. उंदीर रात्रीचा प्राणी. मध्यरात्रीच्या उजेडाने त्याचं दिवस-रात्रीचं चक्र बिघडतं, आणि आकडे का हलताहेत ते शोधत तुम्ही औषधाला दोष देत बसता.

अमोनियाचा सेन्सर मात्र विचार करून घ्या. लघवी आणि पिंजऱ्यात अंथरलेल्या भुशातल्या जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो. हवेत दशलक्षात २५ भागांच्या खाली ठेवतात. पण स्वस्त सेन्सरला स्पिरिटचा वासही अमोनियासारखाच वाटतो. टेबल पुसलं की अलार्म. आठवड्याभरात सगळे त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतात, मग खरा अलार्मही तसाच जातो. भुसा वेळेवर बदलणं हा त्याहून चांगला उपाय.

पिंजरा

आम्हाला सगळ्यात जास्त विश्वास वाटतो तो पाण्याच्या बाटलीखालच्या छोट्या वजनकाट्यावर. अडीचशे ग्रॅमचा रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) दिवसाला साधारण २५ ते ३० मिली पाणी पितो, बहुतेक रात्री. ग्राफवर ते लहान लहान पायऱ्यांनी उतरताना दिसतं. सरळ तिरकी रेघ दिसली तर बाटली गळतेय आणि भुसा ओला होतोय. रेघ रात्रभर आडवी राहिली तर नळीच्या तोंडाशी हवा अडकली आहे, नाहीतर जनावर आजारी आहे. दोन्हीत सकाळी सगळ्यात आधी त्या पिंजऱ्याकडे जायचं. नळीला टिचकी मारून बघा. थेंब आला तर जनावराकडे वळा.

हालचालीसाठी इन्फ्रारेड सेन्सर आहेत, ते अंधारात चालतात. शिकार होणारा प्राणी दुखणं लपवतो. त्यात तुम्ही सकाळी दहाला बघायला जाता, तेव्हा तो एरवीही झोपलेलाच असतो. रात्रीची हालचाल त्याच पिंजऱ्याच्या आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा, शेजारच्या पिंजऱ्याशी नको. एका पिंजऱ्यात चार असतील तर चौघांतला कोण गप्प झाला, ते हा सेन्सर सांगू शकत नाही.

डोळ्यांभोवती लालसर थर (ते रक्त नसतं, पोर्फायरीन असतं), विस्कटलेले केस, कुबड काढून बसणं: हे यंत्राला दिसत नाही, अटेंडंटला दिसतं. याचं उदाहरण आमच्याच चुकीचं आहे. एका ठिकाणी रॅकच्या डाव्या बाजूला सेन्सरचे आकडे गोळा करणारा रिसीव्हर लावला, त्याला बाजारातला साधा अ‍ॅडॉप्टर. दुसऱ्या दिवशी तिथले अटेंडंट मामा म्हणाले, "साहेब, सगळे उजव्या कोपऱ्यातच का बसायलेत?" आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. माणसाचा कान २० किलोहर्ट्झला थांबतो, रॅट ८० किलोहर्ट्झच्या आसपासपर्यंत ऐकतो. त्या यंत्राचा बारीक आवाज या मधल्या पट्टीतला असणार. अ‍ॅडॉप्टर काढला, तासाभरात जनावरं पांगली. तेव्हापासून रॅकजवळ आम्ही फक्त बॅटरीवरची यंत्रं ठेवतो.

जनावर

चिप साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, १२ मिलिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड. जाड सुईने खांद्यांमधल्या कातडीखाली बसवतात. रॅटला, सशाला ठीक. वीस ग्रॅमच्या माऊसला (छोट्या जातीच्या उंदराला) ती मोठी पडते. फायदा खरा आहे: हातात धरून तापमान घेतलं की घाबरूनच ते वाढतं, ते इथे टळतं. पण चिपमध्ये बॅटरी नसते. रीडर (ती वाचायचं यंत्र) जवळ नेल्याशिवाय ती बोलत नाही, म्हणजे चोवीस तासांची नजर तिच्याकडून होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रिया करून बसवायचे ट्रान्समीटर लागतात, ते आम्ही करत नाही.

उपाशी ठेवलेल्या माऊसचं तापमान ३१ अंशांच्या खालीही उतरू शकतं. ती त्याची ऊर्जा वाचवण्याची रीत आहे, दरवेळी मरणाची खूण नव्हे. उपवासाच्या रात्री रीडरवरची अलार्मची मर्यादा बदलून ठेवा.

चिप बसवणं हीसुद्धा प्राण्यावर केलेली प्रक्रिया आहे. ती प्रस्तावात लिहून संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. मंजुरीची प्रत हातात आल्याशिवाय आम्ही चिप पाठवत नाही, यावर घासाघीस नको.

बसवल्यावर

दर तीन महिन्यांनी तापमानाचा सेन्सर कुटलेल्या बर्फाच्या आणि पाण्याच्या काल्यात बुडवून बघा. शून्य दाखवायला हवं. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक असेल तर कुरिअर करा. वॉरंटीत दुरुस्ती मोफत, उंदराने कुरतडलेली वायर मात्र वॉरंटीत बसत नाही.

अलार्मचे मेसेज दोघांच्या मोबाइलवर लावा आणि त्यातला एक अटेंडंटचा असू द्या. एकट्या प्राचार्यांच्या फोनवर लावलेला अलार्म रात्री तीनला कोणी उचलत नाही.

आमचा माणूस एका दिवशी एकाच अ‍ॅनिमल हाऊसमध्ये येतो. सकाळी लातूर, दुपारी नांदेड असं आम्ही करत नाही. बुटाला, बॅगेला लागून संसर्ग एकाकडून दुसऱ्याकडे जातो. त्यामुळे तारीख थोडी उशिराची मिळेल. तो आल्यावर त्याला एप्रन आणि शू-कव्हर तुमच्याकडचंच द्या.